गोधडीची खतावणी

कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात नव्या कापडाला तोटा नसतो. जुन्या कापडाचे काय करावे, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने पडतो. बार्शीच्या बाजारपेठेतील अशाच एका घराच्या माडीवर दोन लोखंडी ट्रंका वर्षानुवर्षे बंद होत्या. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवलेली लुगडी, विरलेली धोतरे, मुलांची झबली आणि फाटके पलंगपोस त्यांत भरलेले होते. सासूबाई गेल्या, त्या वर्षीच्या हिवाळ्यात घरातील सूनबाईंनी त्यातील पहिली ट्रंक उघडली. दुकानातील नोकरांपासून गल्लीतील पोरांपर्यंत सारेच त्यांना ‘वहिनी’ म्हणतात. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, दोन्ही मुले शिक्षणासाठी बाहेरगावी होती आणि दुपारचे तीन तास रिकामे पडत होते.

पूर्वी दिवाळी सरली, की गोधड्या शिवणाऱ्या बाया आळीत येत. अंगणात कापड अंथरून, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून, चौघी चार बाजूंना बसत आणि बोलता बोलता दोन दिवसांत गोधडी उभी करीत. पुढे घरोघरी कारखान्यातील ब्लँकेटे आली आणि त्या बायांचे येणे थांबले. वहिनींनी ते काम पाहिले होते खरे, पण स्वयंपाकघराच्या दारातून. शिवणाच्या वर्गाला त्या कधी गेल्या नव्हत्या; तुटलेले बटण लावण्यापलीकडे सुईशी त्यांचा परिचय नव्हता.

शिकवणारे कोणी नाही, म्हणून त्यांनी एक जुनी गोधडीच गुरू केली. सासूबाईंच्या वापरातील ती गोधडी कडेला उसवली, तेव्हा आत सहा थर निघाले. आणि सर्वांत आत, वरून दिसणारही नाही अशी, आणखी एक जुनी गोधडी होती. आधीच्या पिढीची ऊब टाकून न देता तिच्यावरच नवे अस्तर चढवलेले होते. उसवताना वहिनींना दोन गोष्टी उमगल्या. एक म्हणजे टाका अगदी साधा होता, नुसता धावदोरा. दुसरी म्हणजे शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे जात होती. टाक्यांच्या प्रत्येक दोन ओळींमध्ये थोडी हवा कोंडून राहते आणि तीच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पातळ कापडाचे पाच-सहा थर एका जाड सतरंजीपेक्षा अधिक उबदार का वाटतात, याचे उत्तर त्या उसवलेल्या कडेतच होते.

पहिल्या वर्षी चुकांचीच शिवण झाली. दुकानातील कटपीस कोरे करकरीत होते. त्यांतील खळ न काढताच वहिनींनी ते मधल्या थरांत घातले. सुई पुढे सरकेना आणि बोटे सोलवटली. दुसऱ्या खेपेस टेरिकॉटचे तुकडे घेतले, ते सुताच्या थरावरून निसटत राहिले. तिसऱ्या गोधडीत पांढऱ्या धोतराशेजारी लाल खण बसवला. दिसायला ती सर्वांत देखणी झाली आणि पहिल्याच धुण्यात सगळी गुलाबी होऊन गेली. शिवाय सुती कापड धुतल्यावर आटते, पण सगळे सारखे आटत नाही. जुने आधीच आटलेले असते, नवे आटायचे असते. त्यामुळे त्या गोधडीवर ठिकठिकाणी सुरकुत्यांची पोटे आली. शिलाई मशीनवरही प्रयोग झाला. मशीनचे दाते खालचा थर ओढून घेत आणि वरचा मागे रेंगाळे; टोकाशी पोहोचेपर्यंत दोहोंत चार बोटांचे अंतर पडे. अखेर मशीनवर झाकण पडले आणि वहिनींचे काही नियम ठरले: कापड जुने, मऊ आणि सुतीच, नवे घ्यायचेच झाले तर दोनदा धुऊन, गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि पक्क्या टाक्याला हात घालण्याआधी सगळे थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र बांधून टाकायचे.

घरात या उद्योगाकडे प्रथम कौतुकाने आणि मग किंचित काळजीने पाहिले गेले. एकदा दुकानात आलेल्या पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने गादीवर पडलेली गोधडी पाहून पंधराशे रुपये देऊ केले. वहिनी हरखल्या. मामंजींनी मात्र चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली. गोधडी पाच फूट बाय सात फूट. टाक्यांच्या ओळी एकेक इंचावर. म्हणजे शिवणीची एकूण लांबी 5,040 इंच, आपल्या हिशेबात 140 वार. इंचाला चार टाके धरले तर वीस हजारांहून अधिक टाके. रोजचे तीन तास याप्रमाणे 40 दिवस, म्हणजे 120 तास.

“तासाला साडेबारा रुपये पडतात, सूनबाई,” मामंजी म्हणाले. “द्यायची तर तशीच द्या. पण या भावाने विकू नका. भाव एकदा पडला की तो मालाचा राहत नाही, करणाऱ्याचा होतो.”

गोधडी विकली गेली नाही. हातांचे मोल इतके कमी का धरले जाते, हा प्रश्न केवळ बार्शीचा नाही. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंध-कच्छकडील रल्ली, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही सगळी एकाच साध्या धावदोऱ्याची भावंडे आहेत आणि ती सारी घरच्या जुन्या कापडातूनच जन्मली. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशजांची ती वस्ती. तेथील स्त्रियांनी कामाचे जुने कपडे आणि जीनच्या विजारी जोडून पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवल्या, त्या थंडीसाठी. 2002 मध्ये त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. भिंतीवर लागण्याआधीही त्यांची ऊब तेवढीच होती.

वहिनींच्या हाताला वळण येत गेले, तसतशी ट्रंक रिकामी होत गेली. चौथ्या हिवाळ्यात तळाशी सासूबाईंचे हिरवे इरकली लुगडे निघाले. काठ शाबूत होता. मधले सूत मात्र बोट लावताच विरत होते. नुसते ठेवले असते तर दोन वर्षांत त्याची भुकटी झाली असती. वहिनींनी पदर बाजूला काढला आणि उरलेल्या लुगड्याच्या पट्ट्या कापून मामंजींसाठी गोधडी शिवायला घेतली. ते काम त्यांनी आजवर केलेल्या सर्वांत बारीक टाक्याने केले.

राखीपौर्णिमेला वन्सं लातूरहून आल्या. वडिलांच्या पलंगावरची गोधडी त्यांनी उचलली, काठावरून हात फिरवला आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

“वहिनी, हे आईचं लुगडं आहे. माझ्या बारशाला ती हेच नेसली होती. फोटो आहे माझ्याकडे.” मग अगदी हळू आवाजात, “मला एकदा विचारायचंत.”

वहिनींजवळ उत्तरे पुष्कळ होती. लुगडे विरले होते. इतक्या वर्षांत त्याची आठवण कोणी काढली नव्हती. गोधडी दुसऱ्या कोणासाठी नव्हे, वडिलांसाठीच शिवली होती. ती सारी उत्तरे खरी होती. पण विचारले नव्हते, हेही खरेच होते. वन्सं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेल्या. दिवाळीला त्या आल्या नाहीत. फोनवर बोलणे होई, ते तब्येतीपुरते.

चुकीच्या जागी पडलेला टाका उसवता येतो. कात्री चाललेले कापड पुन्हा सांधता येत नाही. त्या तीन-चार महिन्यांत वहिनींनी सुई हातात धरली नाही. त्यांना राहून राहून वाटे, की ट्रंक आपल्या माडीवर होती, किल्ली आपल्या कमरेला होती, म्हणून आतले सगळे आपलेच, असे आपण कधी ठरवून टाकले? लेक सासरी जाते तेव्हा तिचे कपडे आणि दागिने मोजून दिले जातात. आईच्या जुन्या लुगड्यावर तिचा उरलेला हक्क मात्र कोणत्याही यादीत नसतो आणि म्हणूनच तो कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मार्गशीर्षात वहिनी एकट्याच लातूरला गेल्या. बाजूला काढलेला पदर त्यांनी घडी करून सोबत नेला होता. “हा कापलेला नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीच्याची चूक माझी. मी विचारायला हवं होतं.” वन्संनी पदर घेतला. त्याची गोधडी करू या, असे कोणीही सुचवले नाही. तो त्यांच्या कपाटात, बारशाच्या फोटोशेजारी, तसाच घडीत आहे. दुखावलेले सगळेच भरून आले, असे नाही. पण पुढच्या राखीला वन्सं चार दिवस राहिल्या आणि निघताना आपल्या मुलाचे एक जुने झबले वहिनींच्या हाती ठेवून गेल्या. नातवंड होईल तेव्हा दुपट्याच्या मधोमध ते लावायचे, असे त्यांनी बजावून सांगितले.

लातूरहून परतल्यावर वहिनींनी दुकानातून लाल कापडी बांधणीची एक वही आणली होती. जमेच्या बाजूला कापड कोणाचे, कोणी दिले, कोणाकोणाला विचारले आणि कोणत्या तारखेला. खर्चाच्या बाजूला ते कोणत्या गोधडीत लागले आणि ती कोणाकडे गेली. त्या वहीत नोंद झाल्याशिवाय घरात कात्री चालत नाही. हिशेब ठेवणे या घराला नवे नव्हते. या हिशेबात रुपये नव्हते, एवढेच.

गेल्या पौषात एका संध्याकाळी मामंजी काठी टेकीत माडीचा जिना चढून आले. नव्वदीच्या घरातील माणसाने जिना चढणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या हातात स्वच्छ धुतलेली, घडी केलेली दोन जुनी धोतरे होती.

“मागाहून पोरांनी कोणाला विचारत बसायला नको,” ते म्हणाले. “मी आताच देतो. मऊ झाली आहेत. मधल्या थरात घाला.”

वहिनींना क्षणभर बोलता आले नाही. मामंजींनी चष्मा सारखा केला, वही पुढे ओढली आणि तिच्यावर बोट ठेवले.

“जमेला मांडा,” ते म्हणाले. “आणि तारीख घाला.”