फट ठेवा, बॉस!

गेल्या वर्षी मे महिन्यात ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन आला. कट केला. परत आला. परत कट. तिसऱ्यांदा मात्र ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत बाहेर आलो, तर आई शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, तुझं ते लाकूड उठून बसलंय.’’

ते लाकूड म्हणजे माझा डेक! बिडकीनच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी स्वतःच्या हातांनी, चार वीकेंड खर्च करून घातलेला कॉम्पोझिट डेक. आणि उठून बसणं म्हणजे शब्दशः उठून बसणं. मधल्या पाच-सहा फळ्यांनी पाठीचा कणा ताठ केला होता.

सुरुवातीपासून सांगतो. मी शहरात वन बीएचकेमध्ये राहतो. बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं की तुळशीला जागा नाही आणि तुळस ठेवली की मला नाही. पैठण रोडने पंचवीसेक किलोमीटर गेलं, की बिडकीनला आईवडिलांचं घर, आणि त्यावर सहाशे स्क्वेअर फुटांची रिकामी गच्ची. अमेरिकन पिक्चरमध्ये नाही का, मागचं दार उघडलं की लाकडी फ्लोअर, दोन खुर्च्या, हातात मग? डोक्यात तो फोटो बसला. एका कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन दिलं, ते वाचून मी मेकॅनिकल इंजिनीअर असल्याची मला अचानक आठवण झाली. म्हटलं, आपणच करू की!

खरं लाकूड वापरायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. आपल्याकडचं ऊन, पाऊस आणि वाळवी, तिघांनाही ते भयंकर आवडतं. म्हणून कॉम्पोझिट, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत डब्ल्यूपीसी. लाकडाचा भुसा (काही ठिकाणी भाताचं तूस) आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढलेली फळी. अमेरिकेत याचा मोठा धंदा उभा राहिला तो नव्वदच्या दशकात. ट्रेक्स हे त्यातलं मोठं नाव, १९९६ मध्ये मोबिल या तेल कंपनीच्या एका विभागातून वेगळं झालेलं. तिकडे टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्या आणि भुसा यांच्या फळ्या होतात. वाळवीचं टेन्शन नाही, पॉलिश नाही, रंग नाही. सही ना? हो, पण त्या फळीत प्लॅस्टिक आहे, ही गोष्ट मी वाचली होती आणि विसरलो होतो. त्याचं बिल पुढे आलं.

आता अण्णांबद्दल. हा सगळा उपद्व्याप खरं तर त्यांच्यासाठी होता, असं मी सगळ्यांना सांगत होतो. (मित्रांना बार्बेक्यूला बोलवायचा प्लॅनही होताच, खोटं कशाला बोलू.) आमची शेती डीएमआयसीमध्ये गेली. आज तिथे ऑरिक बिडकीन आहे, ७,८५५ एकरांचं इंडस्ट्रियल टाउन. पंतप्रधानांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी ते देशाला अर्पण केलं. रुंद रस्ते, जमिनीखालच्या केबल, सगळं एकदम प्रोफेशनल. माझ्यासारख्यांना उद्या नोकऱ्या तिथेच मिळतील, हेही खरं. पण आमच्या गच्चीवर उभं राहिलं की जिथे आमची विहीर होती, तिथे आता स्ट्रीटलाइटची रांग दिसते. जमीन गेल्यापासून अण्णा गच्चीवर चढलेले नव्हते. गुडघे दुखतात, म्हणायचे. त्याच गुडघ्यांनी ते रोज स्टँडपर्यंत पायी जाऊन चहा पिऊन यायचे.

डेकचा प्लॅन त्यांना दाखवला तेव्हा ते फक्त एक प्रश्न विचारून गप्प झाले. ‘‘वजन किती पडंल?’’

मला हसू आलं. हसायला नको होतं. आमचं जुनं घर माळवदाचं. खाली लाकडी तुळया, त्यावर किलच्या, पाला आणि वर मातीचा थर. पाणी जायला कडेला पन्हाळी. घर मोजायचं ते स्क्वेअर फुटांत नाही, खणांत. उन्हाळ्यात अख्खं घर माळवदावर झोपायचं. म्हणजे डेक आमच्याकडे आधीपासून होता, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी वर नवी माती टाकून चोपायची, म्हणजे माळवद दरवर्षी थोडं जड व्हायचं. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीत गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती हलल्या आणि ती जाड माळवदं खाली आली. हजारो माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण त्यानंतर अण्णांना माळवदाखाली झोप लागेना. पुढच्याच वर्षी त्यांनी ते स्वतः उतरवलं आणि कर्ज काढून स्लॅब टाकला. तर अशा माणसाने ‘वजन किती’ विचारलं आणि मी म्हटलं, ‘‘अण्णा, टेन्शन नका घेऊ.’’

डिसेंबरच्या थंडीत काम सुरू केलं. साडेनऊ फूट बाय बारा फुटांचा तुकडा, एका बाजूला पॅरापेट, दुसऱ्या बाजूला जिन्याची खोली. चोवीस फळ्या. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून सेकंडहँड क्लॅम्प आणले, मित्राची ड्रिल मशीन ढापली. फळ्यांखाली अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप लागतात, त्यांना जॉइस्ट म्हणतात. ते हलू नयेत म्हणून मी गच्चीला भोकं पाडून अँकर ठोकले. घट्ट एकदम. मग फळ्या अशा मापात कापल्या, की भिंतीपासून भिंतीपर्यंत पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. फळ्यांच्या मधली फटही जवळपास नाहीच, आणि क्लिपांऐवजी थेट स्क्रू. फोटो काढला. ऑफिसात दाखवला. ‘भन्नाट’, ‘कितीला पडला’, ‘माझ्याकडे कधी येतोस’ वगैरे झालं. चार दिवस मी हवेत होतो.

मे महिन्यात डेकही हवेत गेला.

झालं असं. डिसेंबरच्या सकाळी फळी बारा-पंधरा अंशांवर होती. मे महिन्यात हवा चाळिशीपार आणि उन्हात पडलेली फळी त्याहून कितीतरी गरम. प्लॅस्टिक तापलं की लांब होतं. साधारण नऊ-साडेनऊ फुटांची फळी एवढ्या फरकात पाच-सहा मिलिमीटर तरी वाढते. पाच मिलिमीटर म्हणजे काय, तर काहीच नाही. पण दोन्हीकडे भिंत असेल तर फळीने जायचं कुठे? ती वर जाते. जाताना स्क्रूला ओढते, स्क्रू पाइपला, पाइप अँकरला आणि अँकर गच्चीच्या कोब्याला. कोबा म्हणजे स्लॅबवरचं विटांच्या तुकड्यांचं आणि सिमेंटचं वॉटरप्रूफिंग. ते मी आधीच बत्तीस ठिकाणी भोसकलं होतं, आता त्याला तडेही गेले.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात अण्णांच्या पलंगावर धार लागली. बरोब्बर उशीवर.

रात्री अकराला पोहोचलो, तर पलंग कोपऱ्यात सरकवलेला, मधोमध पातेलं. आणि अण्णा खोलीत नव्हते. गच्चीवर होते. डोक्यावर पोतं, हातात टॉर्च, गुडघ्यांवर बसून फळीखाली डोकावत होते. मी वर आलो ते त्यांनी बघितलं, पण माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘‘पाणी जायचंय तिकडं, अन् तू पाइप टाकलेत आडवे. बांध घातलास की रे.’’

खरंच की! गच्चीला उतार असतो, हे मला माहीत होतं. पण पाइप उताराला आडवे टाकले तर प्रत्येक पाइप म्हणजे छोटं धरण होतं, हे सुचलं नव्हतं. आयुष्यभर शेतात पाण्याला वाट काढून देणाऱ्या माणसाला ते टॉर्चच्या उजेडात एका मिनिटात दिसलं.

पावसाळाभर गच्चीवर ताडपत्री. दिवाळीच्या सुट्टीत सगळं उचकटलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी दोघांनी. भोकं आणि तडे बुजवले, वर वॉटरप्रूफिंगचा कोट दिला, पाणी जायची तोंडं बंद करून दोन दिवस गच्चीत पाणी तुंबवलं. खालचं छत कोरडं राहिलं, तेव्हाच पुढचं काम. पाइप उताराच्या दिशेने, एकमेकांना जोडलेले, पण गच्चीत एकही भोक नाही. नुसते रबरी पॅडवर टेकवलेले. बारा फुटांत साधारण दीड इंच उतार होता, म्हणून एकीकडे पॅड पातळ आणि दुसरीकडे जाड. अण्णांनी शेजारच्या मिस्त्रीकडून पाणसळ आणली आणि मला अॅपमध्ये लेव्हल बघू दिली नाही. पाइपांमध्ये सव्वा फुटापेक्षा कमी अंतर, नाहीतर फळी मधे वाकते. फळ्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट, भिंतीकडे दहा. स्क्रू नाही, क्लिप. फक्त मधल्या पाइपावर फळी पक्की, बाकी तिला दोन्हीकडे सरकायची मोकळीक. आणि पाणी जायच्या तोंडावरची एक फळी सुटी. कडुनिंबाचा पाला तिथेच अडकतो, हात घालून काढता आला पाहिजे.

वजनाचा हिशेब या वेळी आधी केला आणि कागदावर लिहून अण्णांना दिला. फळ्या आणि पाइप मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास. तेवढ्याच जागेवर एक फूट माती पसरली तर जवळजवळ पाच टन. अण्णांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

पैशांचं विचाराल, तर पहिल्यांदा पंचेचाळीस हजार लागले, दुरुस्तीला आणि क्लिपांना आणखी चौदा. कॉन्ट्रॅक्टरने साठ सांगितले होते, म्हणजे मी वाचवले फक्त एक हजार. आणि डेक उन्हाळ्यात दुपारी वापरता येत नाही, हेही सांगतो. अनवाणी पाय ठेवलात तर उडी माराल. मी गडद चॉकलेटी रंग घेतला, तुम्ही फिका घ्या. संध्याकाळी आई बादलीभर पाण्याचा सडा मारते, मग अर्ध्या तासात बसण्यासारखं होतं.

बार्बेक्यू अजून झालेला नाही. मार्चमध्ये मित्रांना बोलावलं होतं, तर डेकभर आईच्या कुरडया! ‘‘खालून वारं लागतं रे, लवकर वाळतात,’’ एवढंच तिचं म्हणणं. मित्रांनी खाली ओसरीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली आणि परत येताना गाडीत डेकचा विषयच काढला नाही.

अण्णा रोज संध्याकाळी वर जातात. पाला काढायला, असं ते सांगतात. खुर्ची स्ट्रीटलाइटकडे पाठ करून ठेवतात. मधे एकदा मी ती फिरवली होती, त्यांनी पुन्हा होती तशी केली.

परवा मीटिंगमध्ये फोन वाजला. अण्णांचा. आता कट करत नाही, पहिल्याच रिंगला बाहेर येतो.

‘‘भिंतीकडची फट दहाची आठवर आलीय,’’ ते म्हणाले.

‘‘अण्णा, भर दुपारी वर गेला होतात?’’

‘‘चप्पल घालून गेलतो. अजून मे बाकी आहे, ध्यानात ठेव.’’