संदर्भसूचीचा शिरस्ता

प्रबंधाचा मसुदा विद्यापीठात दाखल झाला की त्यातील सिद्धान्ताआधी स्वल्पविरामांचीच झडती घेतली जाते, आणि ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत नाही एवढ्या सबबीवर प्रत परत पाठवण्याचा हुकूमही सुटतो; तरीही या शिरस्त्याची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी तयारी नाही. 1929 साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या अमेरिकन नियतकालिकात लेखकांसाठी ज्या अवघ्या सात पृष्ठांच्या सूचना छापल्या गेल्या, त्यांतूनच संदर्भलेखनाची आजची ‘एपीए शैली’ वाढली. आणि लेखकाने घेतलेल्या आधारापर्यंत परक्या वाचकासही विनासायास पोहोचता यावे, यासाठी असा काही जाबता हवाच.

माझी तक्रार निराळी आहे. हा जाबता आपण जसाच्या तसा उचलला, आणि मराठी साधनांना तो कोठे अपुरा पडतो याची विचारपूस केली नाही. जुन्या मराठी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा केवळ शके असतो. नियमाला मात्र इसवी सन हवा, म्हणून विद्यार्थी सरसकट 78 मिळवून मोकळा होतो, आणि ग्रंथ माघ-फाल्गुनात निघाला असेल तर सन एका वर्षाने चुकतो. 2019 साली निघालेल्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ गाळूनच टाकले. न्यूयॉर्कच्या ग्रंथाचे त्यात काही बिघडत नसेल, पण लेखकाने स्वखर्चाने काढलेले एखादे जुने पुस्तक हुडकताना गाव व छापखाना हाच पुष्कळदा एकमेव धागा उरतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद तर रुमालांत बांधलेले. तेथे रुमालाचा क्रमांक गाळून बाकी सारे बिनचूक लिहिले, तरी तो कागद कोणाच्या हाती लागावा?

मराठी व इतिहास विभागांनी एकत्र बसून या शैलीला चार-दोन पृष्ठांची पुरवणी जोडावी, मूळ शके व सन दोन्ही नोंदवावेत, छापखाना आणि रुमाल यांना सूचीत हक्काची जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे. तोवर परीक्षकांनी स्वल्पविराम अवश्य मोजावेत; मात्र मौखिकीपूर्वी सूचीतील कोणत्याही पाच नोंदी निवडून, केवळ त्यांच्या आधारे ते ग्रंथ वा कागद काढून आणण्यास ग्रंथालयातील एखाद्या शिपायाला पाठवावे.