शेवटचा हात जिथे लागला, आवाज आधी तिथे शोधा



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण वाचून बघा, विषय शेतीचाच आहे.

घरी गाडीचं काम केलं आणि नंतर इंजिनातून नवा आवाज यायला लागला, की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस घाबरतो आणि गॅरेजवाला सांगेल त्याला मान डोलावतो. नाहीतर "चालतंय की, बघू पुढे" म्हणत तशीच हाकतो. माझं मत असं की दोन्ही महागात पडतं. आवाज नवीन असेल तर पहिला प्रश्न एकच विचारायचा : शेवटी काय उघडलं होतं?

मिरचीचा शेंडा वाकडा झाला तर चांगला कृषी सहायक लगेच औषध लिहून देत नाही. तो विचारतो, "आठ दिवसांत काय फवारलं? पाणी किती दिलं? पंप आधी कशाला वापरला होता?" तणनाशकाचा पंप न धुता वापरला असेल तर रोग शोधत बसण्यात अर्थ नसतो. इंजिनाचं तसंच आहे. काल गप्प होतं, आज बोलायला लागलं, तर मधे जे केलं त्याच्यावर पहिला संशय.

आमच्या गोराई-मनोरी भागात हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. माणूस तरीतून खाडी ओलांडून बोरिवलीला पटकन पोचतो. पण भाजीची पिकअप न्यायची तर उत्तन, भाईंदर, दहिसर असा मोठा वळसा. पहाटे गाडी रस्त्यात बसली तर पालेभाजी उन्हात बसते. दहा वाजता कोमेजलेल्या माठाला कोण भाव देतो? म्हणून इथला प्रत्येक जण थोडंफार काम घरीच करतो. त्यात चूक काहीच नाही.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या पोराने जुन्या डिझेल पिकअपचा फॅन बेल्ट घरीच बदलला. दुसऱ्या दिवसापासून पुढून घरघर. रेस दिली की वाढायची. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर बोनेट उघडून दोन मिनिटांत निकाल, "इंजिन उतरवावं लागेल, हाफ इंजिनचं काम आहे." पोराचं तोंड उतरलं. वांग्याचा अख्खा हंगाम त्यात गेला असता.

मी त्याला एवढंच म्हटलं, "बेल्ट तू लावलास ना? मग तो काढ आणि अर्धा मिनिट चालू कर." बेल्ट काढला, इंजिन चालू केलं, घरघर गायब. म्हणजे आवाज इंजिनाच्या पोटातला नव्हताच. बेल्टवर जे फिरतं त्यातला होता. बेल्ट ताणताना त्याने पहारीने अल्टरनेटर नको तितका ओढला होता, बेअरिंगवर भार आला होता. बेअरिंग बदललं, बेल्ट बेताचा ताणला, काम संपलं. इंजिन अजून तसंच चालतंय.

आता हे करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. काढायचा तो बाहेरचा फॅन बेल्ट, आतला टायमिंग बेल्ट नव्हे. आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका, इंजिन तापेल.

इंजिनाचा आवाज म्हणजे कोडं नाही. कुठून येतो, कधी येतो आणि कशाने बदलतो, एवढं बघायचं.

वरून, टॅपेट कव्हरजवळून बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेटचा गॅप किंवा ऑईल बघा. चार स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एकच घेतो. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या चालीने ऐकू येते.

खालून, चेंबरच्या बाजूने जड ठोका येतो आणि चढावर, माल भरल्यावर वाढतो, तर ते रॉडचं बेअरिंग असू शकतं. हा आवाज गंभीर.

थंड असताना फटफट आणि गरम झाल्यावर कमी, तर एक्झॉस्टच्या जोडातून धूर सुटत असण्याची शक्यता मोठी. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. सायलेन्सर किंवा मॅनिफोल्ड उघडलं असेल तर पॅकिंग तपासा.

एअर फिल्टर बदलल्यावर सूं सूं आवाज, गाडीला ओढ नाही, वर काळा धूर, तर होज पाईपची क्लिप ढिली राहिलीय का ते आधी बघा.

बेल्ट किरकिर करतो तेव्हा चालू इंजिनावर लांबून बाटलीने थोडं पाणी त्याच्यावर मारा. हात आणि सदऱ्याची बाही दूर ठेवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली सरळ रेषेत नाही. उलट वाढला तर बेल्ट ढिला आहे.

ऑईल बदलल्यावर पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद खडखड होते, कारण नवा फिल्टर रिकामा असतो. तेवढं चालतं. त्यानंतरही राहिली तर बंद करून काडी बघा. ऑईल कमी हे तर वाईटच, पण खुणेच्या वर भरलेलंही वाईट. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर ऑईल बाहेर फेकलं जातं. हेही बघाच.

आणि पत्र्याची खणखण असेल तर इंजिनाला हातच लावू नका. आधी खालच्या गार्डचे बोल्ट आणि सायलेन्सरवरचा पत्रा हलवून बघा. गिअर टाकताना धक्का बसून आवाज आला तर फाउंडेशनचं रबर.

जागा पकडायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या भागावर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. फिरत्या बेल्ट-पंख्यापासून लांब राहून एकेक जागा ऐका. जिथे आवाज सगळ्यात स्पष्ट, तिथे शोध.

पण काही आवाजांना शोध नाही, लगेच चावी बंद. ऑईलचा लाल दिवा आणि ठोका एकत्र आला, तर "घरापर्यंत नेतो" म्हणू नका. त्या थोड्या अंतरात बेअरिंगचं काम क्रँकच्या कामावर जातं. टायमिंग बेल्ट बदलल्यावर ठोका आला तरी तेच. दाता चुकला असेल तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. म्हणून टायमिंगचं काम झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. कुठे अडला तर जोर लावायचा नाही. खुणा परत जुळल्या तरच चावी.

काही जण म्हणतील, पूर्वीचे लोक सगळं घरीच करायचे. खरं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईचे टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला दुरुस्त करायचे. कार्बुरेटर, पॉइंट, प्लग, सगळं डोळ्यांना दिसायचं. त्यातली शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदवलेली, ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. आताच्या डिझेलला कॉमन रेल आहे. जुन्या पंपावर मेस्त्री इंजेक्टरचा नट ढिला करून एकेक सिलेंडर बंद करायचा आणि ठोका कुठला ते ओळखायचा. ते कॉमन रेलवर कधीही करू नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, टायरमध्ये दोन-तीन बार असतो. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. तिथे स्कॅनर लावणारा माणूसच पाहिजे.

म्हणजे घरी काय करायचं आणि काय नाही, याची रेषा पाहिजे. ऑईल, फिल्टर, बाहेरचा बेल्ट, क्लिपा, बोल्ट हे आपलं. टायमिंग, हेड, इंजेक्टर हे शिकलेल्या माणसाचं. आणि गॅरेजमध्ये गेलात तरी आधी स्वतःच सांगा, "मी हे हे उघडलं होतं." लाजून लपवू नका. डॉक्टरपासून लपवून रोग बरा होतो का? मेस्त्रीनेही न ऐकता इंजिन उतरवायला सांगितलं, तर शांतपणे विचारा, "आवाज कुठून येतो ते दाखवा." दाखवता आलं नाही तर दुसरं गॅरेज बघा.

एक वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय उघडलं, कुठलं ऑईल टाकलं. फवारणीची नोंद ठेवतो तशीच. आवाज आला की वहीचं शेवटचं पान आधी वाचायचं.

आणि साहेब लोकांना एक विनंती. आपल्या उपनगरात, कांदिवलीत, ट्रॅक्टरचा कारखाना आहे. महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरसाठी भागीदारी केली ती १९६३ साली. इतकी वर्षं इंजिनं बनतात त्या मुंबईत शेतकऱ्याला इंजिन ऐकायला कोणी शिकवत नाही. शेतकरी मेळाव्यात बियाणं होतं, खत होतं, ठिबक होतं. एक दिवस आयटीआयचे मास्तर बोलवा, एक जुनं इंजिन मांडवात चालू करा, मुद्दाम बेल्ट ढिला करा, क्लिप सोडा, टॅपेटचा गॅप वाढवा आणि पोरांना डोळे मिटून ओळखायला लावा. याला काही मोठा निधी लागत नाही. माल पिकवण्याइतकंच तो वेळेत बाजारात पोचवणंही शेतीच आहे.

तोवर आपण आपलं करू. आवाज आला की घाबरू नका, दुर्लक्षही करू नका. लाल दिवा बघा, काडी बघा, वही बघा. मग पाना उचला.