उतार मोजावयाचा कधी?

महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामास, तसेच तेथील खोदाई व सपाटीकरणास मज्जाव आहे. नियम स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो उतार कधी मोजावयाचा, हा. आधी डोंगर कापून रस्ता करावयाचा आणि मग मोजणी मागावयाची, असे घडल्यास नियम शाबूत राहतो, डोंगर मात्र राहत नाही. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. पावसाचे पाणी मुरून ती जड होते व निसटते. दरड किती निर्दय असते, हे ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावाने पाहिले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. म्हणून जुन्या नकाशांतील समोच्च रेषांवरूनच उतार ठरविला पाहिजे. डोंगर कापणाऱ्यास त्या कापण्याचाच लाभ मिळता कामा नये.