हरकत घ्यायची ती कोणाकडे?



तपोवनातली झाडे वाचवायला नाशिक शहरातली माणसे रस्त्यावर उतरली, ही बातमी तुम्ही वाचली असेल आणि पान उलटले असेल. आमच्या कापसाला भाव नव्हता, ज्वारीला कोणी विचारीत नव्हते, तेव्हा ही मंडळी कोठे होती? इंडियातले भांडण इंडियाला लखलाभ! असे म्हणणाऱ्याला आम्ही खोटे पाडणार नाही. तरीही हे प्रकरण नीट बघा, असा आमचा आग्रह आहे. तिथे जे घडले ते आपल्या गावात दरसाल घडते, आणि त्या शहरातून जे वाहते ते खाली आपल्याच माणसांच्या पाटात येते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचे म्हणून महापालिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे १८०० झाडांची नोटीस काढली. कायदा आहे म्हणून हरकती मागवल्या. शेकडो नागरिकांनी त्या लिहून दिल्या. आता पुढची गंमत बघा. झाडे हटवायची होती कोणाला? महापालिकेला. नोटीस कोणाची? महापालिकेची. हरकती ऐकायला बसले कोण? महापालिकेचेच अधिकारी. आणि १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालच्या वृक्ष प्राधिकरणाचा अध्यक्ष कोण? महापालिकेचा आयुक्त! दुधात पाणी आहे काय, हे गवळ्यालाच विचारण्यातला हा प्रकार.

बरे, आयुक्ताला जाब विचारायला नगरसेवक तरी असावेत. तेही नव्हते. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे आयुक्त हाच प्रशासक, तोच स्थायी समिती, तोच महासभा. सकाळी प्रस्ताव ठेवायचा आणि दुपारी आपणच हात वर करून तो मंजूर करायचा. शहरवाल्यांना हसू नका. नाशिक जिल्हा परिषदेची मुदतही त्याच मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथेही प्रशासकच बसला. आपण त्यावर किती बोललो?

झाडांच्या बदल्यात १५ हजार झाडे लावू, मोठी रोपे राजमुंद्रीहून आणू, असे मंत्र्यांनी सांगितले. राजमुंद्रीही गोदावरीकाठचीच, पण पार त्या टोकाची. ज्याने कोरडवाहू रानाच्या बांधावर एक लिंब जगवला आहे त्याला विचारा, पहिले तीन उन्हाळे कसे काढावे लागतात. रोप लावण्याचा फोटो एका दिवसाचा, पाणी घालायचे ते हजार दिवस. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये हरित लवादाने तोडीला स्थगिती दिली. ती मिळवायला लोकांना महापालिकेचा उंबरठा ओलांडून बाहेर जावे लागले.

आपल्याकडची पैसेवारी आठवा. कणीस भरलेले नसते, बोंड धरलेले नसते, पाऊस ऐन वेळी दगा देऊन गेलेला असतो आणि कागदावर पीक पन्नास पैशांच्या वर. दोन पैसे वर गेले की गाव सवलतीतून बाद. मग सांगतात, हरकत घ्या. घ्यायची कोणाकडे? पैसेवारी लावणारे महसूल खाते, हरकत ऐकणारे महसूल खाते, आणि वसुलीला येणारेही तेच. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीतही हीच तऱ्हा होती. ग्रेडरने प्रत पाडली तर दाद मागायची ती ग्रेडरच्या मालकाकडे. तपोवनच्या हरकतदाराला जे आज कळले ते आपण बापजाद्यांपासून भोगत आलो आहोत.

आता नदीकडे वळू. शहराचे नाले गोदावरीत सुटतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या बाजूने येणारी नासर्डी तिलाच मिळते. नागरिकांनी तक्रारी करकरून शेवटी २०१२ साली गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या लोकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. इथेही पालिकेचे दार वाजवून भागले नाही, कोर्टाचीच पायरी चढावी लागली. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. नाशिकच्या सोमेश्वरापासून नांदेड जिल्ह्यापर्यंतचा गोदावरीचा पट्टा त्यात अगदी पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत घाणेरड्यांत. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते यावर हा हिशेब होतो. आंघोळीच्या पाण्यात हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पहिला वर्ग लागतो तो ३० च्या वर गेल्यावर.

पालिकेची हद्द संपते, पाणी थांबत नाही. ते निफाड तालुक्यात उतरते. सायखेडा, चांदोरीच्या लोकांना पाणवेली काय चीज आहे ते विचारा. आपल्याला युरियासाठी रांग लावावी लागते, पाणवेलीला खत शहर फुकट पुरवते. पूर आला की त्या वेली पुलाला अडकतात, पाण्याला वाट राहत नाही आणि ते गावात शिरते. पुढे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. पक्ष्यांसाठी जगात नाव झालेली ही जागा, राज्यातले पहिले रामसर स्थळ. याच बंधाऱ्यावरून जलद कालवा वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांत जातो. तिथला कापूस-ज्वारीवाला पाट कधी सुटतो म्हणून डोळे लावून बसतो. त्या पाण्यात शहराने काय सोडले, हे त्याला कोणी विचारले? त्याला नाशिकच्या नगरसेवकाला मत देता येत नाही, पालिकेच्या खिडकीवर त्याचा अर्ज कोणी घेत नाही. घाण भोगायला मात्र तो धरलेला.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवत आहोत. ज्या कार्यालयाच्या निर्णयावर हरकत असेल, त्या कार्यालयाच्या माणसाने सुनावणी घेता कामा नये. मग झाड असो, नाला असो की पैसेवारी. आणि शहराच्या सांडपाण्याबाबत कोठेही सुनावणी झाली तर खालच्या गावांना तिथे बसण्याचा हक्क हवा. शहरातले हरकतदार यात बरोबर आले तर उत्तम. त्यांनीही मग आपल्या पैसेवारीच्या हरकतीवर सही करावी, एवढे आम्ही त्यांना स्पष्ट सांगणार आहोत.

तोवर नदीकाठच्या आणि पाटावरच्या गावांनी येत्या ग्रामसभेत पाण्याबद्दल ठराव करावा. पाण्याला वास कधी येतो, पाणवेली कधी चढतात, जनावरे पाण्याला तोंड लावत नाहीत ते कोणत्या महिन्यात, हे तारखांसह लिहावे. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाला द्यावी, एक महापालिकेला. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पोच बैठकीला घेऊन या. त्या सगळ्या एकत्र बांधून पुण्याला हरित लवादाच्या पीठापुढे जायचे की नाही, ते तिथे बसून ठरवू.