सिंगापुरांतील सात्त्विक पान

आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुलगे-सुना हल्लीं सिंगापुरास नोकरीनिमित्त राहतात व वडीलधारी मंडळी त्यांना भेटावयास जातात. आचार सांभाळण्याची वडिलांची इच्छा योग्यच आहे. परंतु बाहेरच्या अन्नाच्या भीतीनें आठवडाभर खोलींत बसून डब्यांतील दशम्या खाणें म्हणजे आचार नव्हे. परक्या गांवीं आपल्याजोगें अन्न शोधून काढणें हीहि एक विद्या आहे, आणि तिचे नियम थोडे आहेत.

पहिला नियम असा कीं, गांवचे लोक जेथें रोज जेवतात तेथें जावें. सिंगापुरांत पूर्वीं रस्त्यांवर फेरीवाले अन्न विकीत. सरकारनें 1968-69 सालीं त्यांची नोंदणी केली आणि पुढें 1986 पर्यंत त्यांना पाणी व मोऱ्यांची सोय असलेल्या छपराखालील बाजारांत वसविलें. असे बाजार आज शंभरांहून अधिक आहेत; 2020 सालीं युनेस्कोनें या परंपरेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. येथील कित्येक दुकानदार एकच पदार्थ वर्षानुवर्षें करीत आलेले असतात. दुपारीं कचेरींतील नोकरमाणसें ज्या दुकानापुढें रांग लावतात तें चांगलें समजावें. प्रवाशाला एकदां फसवितां येतें, रोजच्या गिऱ्हाइकाला नाहीं. मेजावर कागदी रुमालांची पुडी दिसली तर ती जागा कोणीतरी राखलेली आहे असें जाणावें, व जेवण झाल्यावर तबक स्वतः नेऊन ठेवावें; 2021 पासून तसा नियमच आहे.

दुसरा नियम, नांवावर किंवा रूपावर विसंबूं नये. तेथें ‘कॅरट केक’ म्हणून जो पदार्थ मिळतो त्यांत गाजर नसतें. पांढरा मुळा व तांदुळाचें पीठ यांच्या वड्या अंड्यांबरोबर परतलेल्या असतात. ‘रोजाक’ फळांची कोशिंबीर दिसते, पण तिच्या चटणींत कोळंबी वाटलेली असते. ‘लाक्सा’ नारळाच्या रसांत करतात, तरी तिच्या मसाल्यांतहि बहुधा सुकी कोळंबी असते. पावावर लावावयाचा ‘काया’ हा नारळाचा गोड मुरंबा अंड्यावांचून होत नाहीं. म्हणून “यांत मांस आहे काय?” एवढें विचारून भागत नाहीं. कोळंबी, मासळीचा रस, अंडें आणि चरबी, या चारींविषयीं वेगवेगळें विचारावें. कढई निराळी आहे काय, हेंहि विचारावें. ‘चेंदोल’ मात्र मुलांना देण्याजोगें आहे: नारळाचें दूध, ताडगूळ, बर्फ व तांदुळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया.

ज्यांना असली चौकशी नकोशी वाटेल त्यांनीं सेरंगून रस्त्यावरील भारतीय वस्तींत जावें. 1924 सालीं सुरू झालेलें आनंद भवन व 1947 सालचें कोमल विलास हीं तमिळ पद्धतीचीं शाकाहारी भोजनगृहें आहेत. डोशाला तेथें ‘तोसै’ म्हणतात.

परंतु रोज तेथेंच जाण्याचें कारण नाहीं. चिनी बौद्धांची स्वतंत्र शाकाहारी परंपरा आहे. त्यासाठीं ‘सू’ हें एकच चिनी अक्षर कोणाकडून लिहून घेऊन खिशांत ठेवावें. दुकानावर तें दिसलें कीं तेथें शाकाहारी अन्न मिळतें. कडक व्रत पाळणारे बौद्ध कांदा-लसूणहि वर्ज्य मानतात, तेव्हां आपल्या चातुर्मासांतील नियमांचें त्यांना नवल वाटणार नाहीं. अंड्याची चौकशी मात्र तेथेंहि करावी. ताटांत बदकाच्या किंवा माशाच्या आकाराचें कांहीं आलें तर दचकूं नये. तें गव्हाच्या सत्त्वाचें अथवा सोयाबीनचें केलेलें असतें. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं पुष्कळ चिनी लोक मांसाहार टाळतात; त्या दिवशीं या दुकानांत लवकर जावें. वॉटर्लू रस्त्यावर क्वान-इम देवीच्या देवळाशेजारींच श्रीकृष्णाचें देऊळ आहे, आणि देवीचे चिनी भक्त कृष्णापुढेंहि उदबत्ती लावतात. नातवंडांना तें अवश्य दाखवावें.

शेवटीं वडिलांना एक विनंती. त्या बाजारांत शेजारच्या मेजावर कोणी मासळी खात असणारच. तैत्तिरीय उपनिषदांत अन्नाची निंदा न करणें हें व्रत म्हणून सांगितलें आहे, आणि तें केवळ आपल्या ताटापुरतें नाहीं. नाक न मुरडतां “आपण हें खात नाहीं” एवढेंच मुलांना शांतपणें सांगावें. मुलें आचार शिकतात ते वडिलांच्या शब्दांपेक्षां त्यांच्या मुद्रेवरून अधिक.