येळवशीचे पाहुणे

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा चुलतभावाने घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. औसा तालुक्यात त्याचे सहा एकर रान आहे. विहिरीजवळच्या आंब्याखाली दोन खोल्या, त्यांना लागून न्हाणी आणि संडास, पुढे पत्र्याची ओसरी, असा त्यावर आराखडा काढलेला होता. "शहरातली माणसं येतील दादा. दोन रोज राहतील, हुरडा-भाकरी खातील, पैसे देऊन जातील. नुसत्या सोयाबीनच्या भावावर किती दिवस काढायचे?" मला कल्पना एकदम पटली. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "शेतात आलेल्या माणसाला जेवू घालून वर पैसे मागायचे का रं आता?"

भाऊ गप्प झाला. मीही झालो.

लातूरकडच्या वाचकांना या प्रश्नामागचे दुखणे लगेच कळेल. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची वेळ अमावस्या, बोलीभाषेत येळवस. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत व नांदेडच्या काही भागांत त्या दिवशी घराला कुलूप लागते आणि माणसे शिवारात जातात. लातूर शहरातली बाजारपेठ ओस पडते. अनपेक्षित पाहुणा आला तर त्याला वाटावे, गावात काही विपरीत घडले की काय. प्रशासनालाही स्थानिक सुटी द्यावी लागते. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीकडेही हाच सण याच अमावस्येला रानातच साजरा होतो.

शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची आणि मग पंगत. बेसन घालून केलेली हरभऱ्या-वाटाण्याची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली गार आंबील. भज्जी खाऊन वर दोन तांबे आंबील घेतली की बांधावरच्या झाडाखाली जी झोप लागते, तिला कुठल्याही हिल स्टेशनचे हॉटेल बरोबरी करू शकणार नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्याला शेत नाही तो त्या दिवशी उपाशी राहत नाही. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवले जाते. जात, ओळख, हुद्दा विचारला जात नाही. शहरातला मास्तर, बँकेतला कारकून, भाडेकरू, सारे कुणा ना कुणाच्या कोपीत जेवतात.

शेतावरची सुटी, जिला आता कृषी पर्यटन म्हणतात, ती आमच्याकडे अशी कित्येक पिढ्यांपासून आहे. वर्षातून एकच दिवस असते आणि फुकट असते, एवढाच फरक. मग इतर दिवशी तिचे पैसे घ्यावेत का?

माझे उत्तर, पुष्कळ विचार करून, 'घ्यावेत' असे आहे. भावनेने शेत राखता येत नाही. आमच्या भागात पूर्वी रब्बीला ज्वारी आणि करडईने शिवार भरलेले असे. आज खरिपातले सोयाबीन हेच बहुतेकांचे नगदी पीक आहे. पाऊस हुकला किंवा भाव पडला की वर्ष बुडाले. कोपीसाठी लागणारा कडबासुद्धा आता कित्येकांना विकत आणावा लागतो. भावाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि रस्त्याकडेच्या दोन एकरांसाठी प्लॉटवाल्यांच्या फेऱ्या सुरू आहेत. दोन खोल्यांच्या उत्पन्नावर ते दोन एकर वाचणार असतील, तर पाहुण्याकडून पैसे घेण्यात कमीपणा कसला?

इतरांनी हे करून पाहिले आहे. बारामती परिसरात पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास या व्यवसायाला संघटित रूप दिले. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि शेतकऱ्याला अशा केंद्राची रीतसर नोंदणी करण्याची सोय झाली. पण पुण्या-मुंबईजवळच्या केंद्रांना गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे इतक्या लांब कोण येणार, असे विचारले जाते. मला वाटते, आमचे पाहुणे लांबून यायचे नसून ते आधीच आलेले आहेत. लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत दूरदूरची मुले डॉक्टर-इंजिनिअर व्हायला राहतात. त्यांना भेटायला आलेले आईबाप रविवारी लेकराला घेऊन लॉजच्या खोलीत नाहीतर रसवंतीच्या बाकड्यावर बसलेले मी पाहतो. त्या मुलाला एक दिवस पुस्तकाबाहेर, मोकळ्या हवेत मिळाला तर? नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून माणसे येतात. माळेगावच्या खंडोबाची जत्रा येळवशीच्या आगेमागेच भरते. लाल कंधारी आणि देवणी ही जातिवंत जनावरे याच दोन जिल्ह्यांची. दाखवण्यासारखे आमच्याकडे कमी नाही.

तरीही काकूंचा प्रश्न मी मोडीत काढणार नाही. कारण पैसा आला की शेताचा देखावा व्हायला वेळ लागत नाही. नांगरट ट्रॅक्टरने करायची आणि बैल फक्त फोटोपुरते ठेवायचे. हुरड्याची ज्वारी बाजारातून आणायची. शेत राहते पाटीवर, आणि खाली उरते ते हॉटेल. इटलीने १९८५ मध्येच यासाठी कायदा केला, तेव्हा शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा जोडधंदा, असे त्यात बजावले. ही अट आपणही मनाशी बाळगण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेल्या पाण्यावर लातूरकरांनी तहान भागवली. त्या गावाच्या शिवारात पाहुण्यांसाठी पोहण्याचा हौद बांधणे मला पाप वाटते. बादलीभर पाण्यात अंघोळ करायची हे पाहुण्याला आधीच सांगावे. ज्याला ते चालणार नाही, त्याने दुसरीकडे जावे. उलट, विहिरीचा तळ दिसतो म्हणजे काय होते, हे त्याच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले तर सुटी सत्कारणी लागली म्हणायची.

आणि तिसरी गोष्ट चुलीपाशी बसणाऱ्या बाईची. 'घरगुती जेवण' असे पाटीवर लिहायला सोपे असते. त्या भाकऱ्या थापते कोण? येळवशीच्या आदल्या रात्री घरातल्या बायका झोपत नाहीत. पण ती रात्र वर्षातून एकदाच येते. दर शनिवारी तशीच रात्र येऊ लागली, तर पाहुण्याची विश्रांती म्हणजे घरच्या सुनेचे जागरण ठरेल. तेव्हा खोल्यांचे पैसे कुणाच्याही खात्यात जावोत, जेवणाचे पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत. हे मी भावाला स्पष्ट सांगितले. तो जरा थांबला, मग "बरं" म्हणाला. वहिनी आतून काही बोलल्या नाहीत, पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

येळवशीला मी पुन्हा गेलो. जेवणे झाल्यावर काकूंनीच विषय काढला. "बांध खोल्या. पैसे बी घे. पण येळवशीला पाटी काढून ठेवायची. त्या दिवशी आला तो पाहुणा." भावाने मान डोलावली. एवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. नवरा-बायको, मध्ये लहान मूल, ओळखीचे कुणीच नव्हते. काकूंनी बसल्या जागेवरून हाक मारली आणि मला म्हणाल्या, "ऊठ, त्यांना आंबील दे."

खोल्यांचा पाया अजून पडायचा आहे. पण व्यवसायाचा पहिला नियम मात्र त्या दुपारी ठरून गेला.